का बिघडलं ते सांगणारं मशीन

माझ्या डेस्कटॉपवरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट कुठली विचाराल तर लॉग. थीम नाही, आयकॉन नाहीत, वॉलपेपर तर नाहीच, लॉग. साध्या ओळींचा ढीग असतो तो, प्रत्येक ओळीच्या सुरवातीला तारीख आणि वेळ, मग कोण बोलतंय त्याचं नाव आणि पुढे काय घडलं ते. मी प्रोग्रॅमर नाही. माझं काम मजकुराचं, म्हणजे लिहायचा, तपासायचा, दुसऱ्यांनी लिहिलेला सरळ करायचा, दिवसभर लिबरऑफिस उघडं, ब्राउझर उघडा, शब्दकोशांच्या पीडीएफ उघड्या, यापलीकडे कॉम्प्युटरकडे माझं फार काही मागणं नसतं. पण बरीच वर्षं झाली हे सगळं मी लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या उघड्या कोडच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर करते, आता दुसरीकडे काम करवत नाही, आणि ते का याचा विचार करते तेव्हा फुकट आहे, हलकं आहे, जुन्या मशीनवर चालतं ही कारणं येतात खरी पण मागून येतात. पहिलं कारण हे की याला ‘का?’ विचारता येतं आणि विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

एक उदाहरण नीट सांगते, मोघम बोलून ते पोचायचं नाही. माझा लॅपटॉप झाकण लावून बॅगेत टाकायचा आणि मुक्कामी पोचल्यावर काढला की तो तापलेला असायचा, बॅटरी अर्ध्याच्या खाली. रोज नाही, अधूनमधून. अधूनमधून होणारा बिघाड फार छळतो, कारण कोणाला दाखवायला जावं तर नेमका तेव्हा होत नाही. मग एका संध्याकाळी बसून जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, उघडलं. डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे प्रकार, त्यातल्या सिस्टिमडी हा बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम असलेल्या सगळ्यांमधे ते असतं, टर्मिनलमधे, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, एक कमांड दिली की मशीन चालू झाल्यापासूनची सगळी हकीकत समोर. त्यात कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, एक ओळ असते ‘सस्पेंड एंट्री’, म्हणजे मशीन झोपायला गेलं, आणि दुसरी ‘सस्पेंड एक्झिट’, म्हणजे उठलं. माझ्या प्रवासाच्या वेळेत ही जोडी एकदाच दिसायला हवी होती, निघताना पहिली ओळ आणि पोचल्यावर दुसरी. तिथे रांग लागलेली. झोपलं, उठलं, थोड्या वेळाने परत झोपलं, परत उठलं, असं रस्ताभर. म्हणजे कोणीतरी त्याला उठवत होतं, आणि झाकण बंद आहे हे बघून सिस्टिम त्याला पुन्हा झोपवत होती.

उठवतंय कोण हा पुढचा प्रश्न. आता लिनक्सची एक खासियत अशी की मशीनला जोडलेली वस्तूसुद्धा फाइलींच्या रूपात बघता येते. ‘सिस’ नावाच्या फोल्डरात यूएसबीवर असलेल्या प्रत्येक वस्तूचं एकेक फोल्डर, त्याच्या आत ‘पॉवर’ नावाचं फोल्डर, आणि मशीनला जागं करायची सोय ज्या वस्तूत आहे तिथे ‘वेकअप’ नावाची एवढीशी फाइल, जिच्यात मजकूर एकच शब्द, एनेबल्ड नाहीतर डिसेबल्ड. शेजारी आणखी एक फाइल, तिच्यात नुसता आकडा, या वस्तूने किती वेळा जागं केलं त्याचा. एकेक उघडून बघत गेले. बाकी सगळीकडे शून्य आणि वायरलेस माऊसचा नखाएवढा रिसीव्हर जो कायम खोचलेला असतो त्याच्या फाइलमधे आकडा वाढलेला. माऊस त्याच बॅगेत, त्याला बंद करायचं बटणच नाही, बॅग हलली की माऊस हलतो, माऊस हलला की लॅपटॉप जागा. वेकअपच्या फाइलमधला शब्द बदलून डिसेबल्ड केला, रीस्टार्टनंतरही ते टिकावं म्हणून यूडेव्हच्या, म्हणजे जोडलेल्या वस्तू सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, नियमांमधे एक ओळ टाकली, झालं. तेव्हापासून लॅपटॉप बॅगेतून गार निघतो.

हा काही मोठा पराक्रम नाही, जाणकारांना हे पाच मिनिटांचं काम आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. या पूर्ण शोधात कुठेही मला कोणी अडवलं नाही. ‘काहीतरी चुकलं, नंतर पुन्हा प्रयत्न करा’ असली पाटी दाखवून कोणी परत पाठवलं नाही, ती पाटी बघितली की मला खरंच राग येतो, कारण काय चुकलं ते त्या मशीनला माहीत असतं आणि ते सांगायचं नाही असं कोणीतरी ठरवलेलं असतं. मोठ्या माणसाला ‘तुला नाही कळायचं’ म्हणून गप्प करावं तसं वाटतं ते. मला सगळं कळतं असं माझं म्हणणं नाहीच. लॉगमधल्या बऱ्याच ओळी माझ्या डोक्यावरून जातात. पण न कळलेली ओळ तशीच्या तशी उचलून शोधता येते आणि जगात कुठेतरी कोणाला तरी तीच ओळ आधी दिसलेली असते, त्याने विचारलेलं असतं, कोणीतरी उत्तर दिलेलं असतं, आणि फार वेळा ते सगळं आर्च या डिस्ट्रोच्या विकीवर कोणीतरी बसून नीट लिहून ठेवलेलं असतं. मी आर्च वापरत नाही पण विकी त्यांचाच वाचते. कुठल्याही डिस्ट्रोवाल्या माणसाला विचारा, तोही तेच करत असेल.

या सगळ्याची, म्हणजे कोड उघडा ठेवायच्या चळवळीची, सुरवातच मुळी एका न मिळालेल्या उत्तरातून झाली आहे. 1980च्या आसपासची गोष्ट, रिचर्ड स्टॉलमन हे प्रोग्रॅमर अमेरिकेतल्या एमआयटीच्या एआय लॅबमधे काम करायचे. तिथल्या जुन्या प्रिंटरमधे कागद अडकला की वाट बघत असलेल्या लोकांना त्यांच्या स्क्रीनवर निरोप जाईल अशी सोय त्यांनी प्रोग्रॅम बदलून केली होती, कारण प्रिंटर असायचा दुसऱ्या मजल्यावर आणि तासाभराने जाऊन बघावं तर कागद पहिल्या पानालाच अडकलेला. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, वेगवान, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर, आला नाही. तीच सोय यातही करावी म्हणून दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसाकडे तो कोड मागायला गेले, तर त्याने कोणाला न देण्याच्या करारावर सही केलेली होती, त्यामुळे नाही म्हणाला. पुढे 1983 मधे स्टॉलमननी जीएनयू हा उघड्या कोडची ऑपरेटिंग सिस्टिम करायचा प्रकल्प जाहीर केला, 1989 मधे जीपीएल, म्हणजे कोड वापरा, बदला पण पुढे देताना उघडाच ठेवा असं सांगणारं लायसन्स आलं, आणि 1991च्या ऑगस्टमधे लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, नुसता छंद म्हणून, जीएनयूसारखी मोठी वगैरे व्हायची नाही असं लिहून लोकांना कळवलं. दुसऱ्या वर्षी त्याने आपलं कर्नल, म्हणजेच लिनक्स, जीपीएलखाली आणलं. हा इतिहास बऱ्याच जणांना पाठ असतो, मी तो परत सांगतेय तो प्रिंटरसाठी. कारण स्टॉलमनना फुकट प्रिंटर नको होता. त्यांना बिघाड झाल्यावर लोकांना कळायला हवं होतं, एवढंच.

आणि गंमत बघा, आज माझ्याकडे लिनक्सवर सगळ्यात बिनबोभाट चालणारी वस्तू म्हणजे प्रिंटर. कप्स नावाची व्यवस्था आहे, मायकल स्वीट यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी लिहायला घेतलेली, तीच ॲपलच्या मॅकमधेही आहे. हल्लीचे बरेचसे प्रिंटर ड्रायव्हरशिवायच चालतात, नेटवर्कवर असला की यादीत आपोआप दिसतो आणि छापतो. नाही छापलं तर कप्सचा लॉग वेगळा आहेच.

आता दुसरी हकीकत. ही माझ्या कामाच्या जवळची आहे म्हणून थोडी लांबेल.

देवनागरी स्क्रीनवर नीट उमटणं ही वाटते तेवढी सोपी गोष्ट नाही. ‘कि’ टाइप करताना आपण आधी क देतो मग वेलांटी, फाइलमधेही त्याच क्रमाने साठतं, पण दाखवताना वेलांटी आधी यायला लागते. जोडाक्षरं, रफार, उकार, सगळ्याला नियम आहेत आणि ते दर वेळी, दर ओळीला कोणीतरी पाळावे लागतात. लिनक्सवर हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे बऱ्याच प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, करते, फायरफॉक्समधेही तीच, लिबरऑफिसमधेही तीच, अँड्रॉइड फोनमधेही तीच. बेहदाद एस्फाहबोद या इराणी माणसाचं त्यात फार मोठं काम आहे. म्हणजे आपण फोनवर मराठीत जे काही वाचतो त्यातलं किती तरी या एका लायब्ररीतून गेलेलं असतं, आणि तिचं नाव सहसा कोणाला माहीत नसतं.

तर मी नोंदी ठेवायला एक छोटा प्रोग्रॅम वापरायचे, अजूनही वापरते. त्यात माझ्या लक्षात आलं की ‘दर्‍या’ लिहून ठेवलेलं दुसऱ्या दिवशी ‘दर्या’ झालेलं असतं. ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’, ‘वार्‍या’चं ‘वार्या’. टाइप करताना बरोबर दिसायचं, बंद करून उघडलं की आडवा र जाऊन डोक्यावर रफार. डोंगरातल्या दर्‍यांबद्दलचा मजकूर समुद्राबद्दलचा होऊन बसला तर माझ्या कामात ते चालणार कसं. मला आधी फॉन्टची शंका आली, दुसरा लावून बघितला, तेच. मग फाइलच उघडली, अक्षरांच्या नाही तर बाइटच्या रूपात, त्यासाठी साधी कमांड असते. सेव्ह करायच्या आधीची प्रत आणि नंतरची प्रत शेजारी शेजारी ठेवल्या आणि दिसलं की प्रत्येक आडव्या र पाशी बरोबर तीन बाइट गायब आहेत.

ते तीन बाइट म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. न दिसणारं, जागा न घेणारं एक युनिकोड अक्षर आहे. आडवा र लिहायच्या दोन पद्धती आहेत, एकीत खाली टिंब असलेला ऱ वापरतात, आणि दुसरीत साधा र, हलन्त आणि मग हा जॉइनर. माझा की-बोर्ड दुसरी पद्धत वापरतो. प्रोग्रॅम सेव्ह करताना ते अदृश्य अक्षर कचरा समजून झाडून टाकत होता.

सोर्स कोड उघडाच होता म्हणून तिथे गेले. मला ती भाषा येत नाही पण कॉमेंट इंग्लिशमधे असतात, आणि सेव्हच्या भागात सरळ लिहिलेलं होतं की वेब पेजवरून मजकूर चिकटवला की अदृश्य अक्षरं सोबत येतात, मग शोध चालत नाही, म्हणून ती काढून टाकतोय. हेतू अगदी बरोबर होता. कोणाच्या तरी तक्रारीवरून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते केलं होतं, आणि मराठी लिहिणारं कोणी तोवर त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी बग रिपोर्ट, म्हणजे बिघाडाची रीतसर तक्रार, लिहिला. व्हर्जन कुठलं, काय केल्यावर होतं, काय व्हायला हवं, काय होतं, आधीच्या आणि नंतरच्या बाइट, आणि दोन्ही शब्दांची चित्रं, कारण ज्याला देवनागरी येत नाही त्याला नुसते शब्द दाखवून फरक कळणार नाही. त्याचं उत्तर आलं, त्याने फार नेमके प्रश्न विचारले. हा जॉइनर सगळीकडे ठेवायचा की फक्त देवनागरीत? याचा जुळा भाऊ जो नॉन-जॉइनर, तोही लागतो का? पहिल्याचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याचं उत्तर फारसी लिहिणाऱ्या एका माणसाने येऊन दिलं, त्यांच्याकडे तो पदोपदी लागतो म्हणे आणि त्यांचाही मजकूर बिघडत होता. मग तिसरं कोणी आलं की कुटुंबाची इमोजी सेव्ह केली की आईबाप आणि पोरं वेगवेगळी होतात, कारण ती इमोजीसुद्धा याच जॉइनरने जोडलेली असते. तिघांचा आजार एकच निघाला. त्याने यादीतून दोन्ही अक्षरं काढली, फक्त दोन छोटे बदल, पुढच्या व्हर्जनमधे आलं.

पण मला सगळ्यात सुखावून गेली ती एक छोटी गोष्ट. त्याने टेस्ट लिहिली. म्हणजे पुढे कोणीही त्या प्रोग्रॅममधे काही बदल केला की आपोआप तपासलं जातं की हा जुना बिघाड परत तर आला नाही ना. त्या टेस्टमधे एक फारसी शब्द आहे, एक कुटुंबाची इमोजी आहे आणि ‘दर्‍या’ आहे. त्या माणसाला मराठी येत नाही, बहुधा कधी येणारही नाही, पण त्याच्या प्रोग्रॅमची प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्याआधी तो शब्द नीट साठतोय का हे बघितलं जातं.

लोक म्हणतात लिनक्समधे फार पर्याय, फार फाटाफूट, एकच काहीतरी चांगलं करा ना. मला हे पटत नाही. 2011 मधे ग्नोम या डेस्कटॉपचं तिसरं व्हर्जन, ग्नोम 3, आलं, जुना पॅनेल, मेनू, खालची खिडक्यांची पट्टी सगळंच बदललं, आणि ज्यांचं रोजचं काम त्या मांडणीत बसलेलं होतं ते वैतागले. आता दुसरीकडे असं झालं असतं तर वैतागून गप्प बसणं एवढंच हातात असतं. इथे ग्नोम 2 चा कोड उघडा होता, तो उचलून काही लोकांनी माटे चालू ठेवलं, लिनक्स मिंट या डिस्ट्रोवाल्यांनी ग्नोम 3 च्याच कोडवरून सिनॅमन केलं, आणि ग्नोमवाले आपल्या वाटेने गेले, त्यांचंही पुढे चांगलंच झालं, मी स्वतः आज ग्नोम वापरते. तिघंही जिवंत आहेत, कोणाचं कोणावाचून अडलं नाही. ओपनऑफिसचंही तेच. ते सन या कंपनीकडे होतं, 2010 मधे ओरॅकलने सन घेतली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमधे बऱ्याच जणांनी बाहेर पडून डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं आणि लिबरऑफिस सुरू केलं. माझ्या जुन्या फाइली एका रात्रीत परक्या झाल्या नाहीत. मालक बदलला तरी काम राहतं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती पर्याय खूप आहेत म्हणूनच होते.

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं करायच्या प्रोग्रॅमची कथा तर मला फार आवडते. ज्या कंपनीचं ते होतं ती 2002 मधे बुडाली. टोन रोझेनडाल यांनी गुंतवणूकदारांशी बोलून ठरवलं की 1,00,000 युरो दिले तर सोर्स कोड सोडतील. ते पैसे वापरणाऱ्या लोकांनीच काही आठवड्यांत जमवून दिले आणि ब्लेंडर जीपीएलखाली आलं.

आता मनात खुपणारी बाजू. उत्तर देणारी माणसं थकतात. आपण वापरतो त्या डेस्कटॉपच्या खाली शेकडो छोटी पॅकेजेस असतात आणि त्यातली किती तरी एकेका माणसाच्या फावल्या वेळावर चालतात. 2014 मधे हार्टब्लीड नावाचा सुरक्षेतला दोष सापडला तेव्हा कळलं की ओपनएसएसएल, वेबवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारा कोड, ज्याच्या भरवशावर जगातल्या असंख्य वेबसाइटी चाललेल्या, त्याच्यावर पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक माणूस होता. त्यानंतर पैसे आले, लोक आले, पण दहा वर्षांनी एक्सझेड प्रकरण झालंच. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, जवळपास प्रत्येक डिस्ट्रोमधे असते. तिचा सांभाळ करणारा एकटा माणूस, दमलेला, तसं त्याने लिहिलेलंही. त्याला लोक ईमेल पाठवून टोचत राहिले की काम फार हळू चाललंय, दुसऱ्याला का देत नाहीस. त्याच सुमारास एक मदतनीस पुढे आला, जिया टॅन नावाने, दोनेक वर्षं खरंच कामं करत राहिला, भरवसा कमावला, आणि फेब्रुवारी 2024 मधल्या 5.6.0 व्हर्जनमधे त्याने मागचं दार बसवलं, ज्यातून एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन करायची सोय, चालवणाऱ्या मशीनमधे शिरता आलं असतं. टोचणाऱ्यांपैकी काही जण त्याच कटातले होते असा दाट संशय आहे.

ते पकडलं कसं गेलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. अँड्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा माणूस, डेबियन या डिस्ट्रोच्या अनस्टेबल, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, आवृत्तीवर वेगळंच काही मोजत होता. त्याला दिसलं की एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय आणि त्यात सीपीयू नको तेवढा वापरला जातोय. अर्धा सेकंद. कोणीही म्हटलं असतं असेल काहीतरी. त्याने ‘का?’ विचारलं, आणि प्रत्येक पायरीवर त्याला आत बघता आलं, आधी वेळ कुठे जातोय ते दाखवणारा प्रोफायलर, मग लायब्ररी, मग तिचं पॅकेज, मग त्या पॅकेजमधल्या टेस्टच्या फाइली ज्यांच्यात तो कोड दडवलेला होता. 29 मार्च 2024 ला त्याने ते जाहीर केलं, मोठ्या डिस्ट्रोंच्या स्थिर आवृत्त्यांमधे पोचायच्या आधी. कोड उघडा असूनही ते आत गेलं हे खरंच आहे, आणि मला त्याने झोप लागली नव्हती हेही खरं. पण बाहेर आलं तेही उघडा असल्यामुळेच, आणि एका माणसाने अर्ध्या सेकंदाचा हिशोब मागितला म्हणून.

तेव्हापासून मी बग रिपोर्ट लिहिताना फार जपून लिहिते. ‘अजून झालं नाही का’ हा शब्दप्रयोग मी टाकूनच दिला. बग जुना असेल तर नवीन व्हर्जनवर तो होतो का ते बघून तेवढंच कळवायचं, कारण मेंटेनरचा, म्हणजे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याचा, निम्मा वेळ हेच तपासण्यात जातो. जे प्रोग्रॅम मी रोज वापरते त्यांना वर्षातून एकदा पैसे पाठवते, माझ्या ऐपतीप्रमाणे. आणि मला येतं ते करते, म्हणजे भाषांतर. मेनूंचं मराठी भाषांतर पीओ नावाच्या फाइलींमधे असतं, वरच्या ओळीत इंग्लिश, खाली आपण लिहायचं. बरीच जुनी मराठी भाषांतरं अर्धवट आहेत, काही ठिकाणी इतकी बोजड आहेत की वाचणारा घाबरून इंग्लिशकडे परत जातो. ‘सेव्ह करा’ला सगळे जण सेव्ह करा म्हणतात तर तिथे सेव्ह करा असावं असं माझं ठाम मत आहे, त्यावर वाद होतात, होऊ देत.

न चालणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या लपवून लिनक्सचं भलं होत नाही. बोटाच्या ठशाचा सेन्सर बऱ्याच लॅपटॉपवर चालत नाही. काही वाय-फाय चिपना बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा, कोड उघडा नसलेला प्रोग्रॅम, लागतं, पूर्वी डेबियन टाकताना ते वेगळं शोधून आणायला लागायचं, आणि ते उतरवायला इंटरनेट लागणार जे वाय-फायशिवाय नाही. 2022 मधे डेबियनच्या लोकांनी मतदान करून ठरवलं की ते इन्स्टॉलरमधेच द्यायचं, आणि 2023च्या डेबियन 12 पासून ते आहे. तत्त्वाला मुरड घातली म्हणून काही जण नाराज झाले. मला तो निर्णय योग्य वाटतो, माणूस आधी आत तर यायला हवा. वेलँड या खिडक्या स्क्रीनवर दाखवायच्या नव्या व्यवस्थेवर येताना स्क्रीन शेअर करणं, स्क्रीन रीडर अशा गोष्टींची पुष्कळ परवड झाली, पहिलं आता बरंच सुधारलंय, दुसरं अजून हवं तसं नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना थांबायला लावणं मला पटत नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. मावशीचा लॅपटॉप उत्तम चालणारा, पण विंडोज 11 च्या अटीत न बसणारा. ती म्हणाली, “अगं, चांगला चालतोय तो, टाकून काय द्यायचा?” मी पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन गेले आणि आधी काहीही इन्स्टॉल न करता त्यावरूनच चालू करून दिला, हार्ड डिस्कला हात न लावता सगळं तपासता येतं तसं. आवाज, कॅमेरा, वाय-फाय, प्रिंटर, तिच्या बँकेची साइट, फोटो, एकेक करून तिलाच बघायला लावलं. ठशाचा सेन्सर चालत नव्हता, ते आधीच सांगितलं, पासवर्ड टाकायला लागेल. तिने सगळं बघितलं आणि एकच विचारलं, “आणि बिघडलं तर मी कोणाला विचारू?” मी म्हटलं, “मला फोन कर, आणि स्क्रीनवर जे काय लिहून येईल ते वाचून दाखव, बंद करू नकोस.” ती आता तसं करते. मेसेज इंग्लिशमधे असतो, ती एकेक अक्षर लावत वाचते, आणि निम्म्या वेळा वाचता वाचताच तिला कळतं. परवा म्हणाली, “जागा संपली म्हणतोय गं, मग मीच ते जुने व्हिडिओ काढले.”

मला स्वतःला अजून सुटायला हवी अशी एक गोष्ट आहे, टर्मिनलमधली देवनागरी. टर्मिनलची घडण 1978 च्या व्हीटी-100 सारख्या यंत्रांच्या काळातली, स्क्रीनभर आखलेले चौकोन, एका चौकोनात एक अक्षर. ‘स्त्री’ किती चौकोनांचं? फाइलमधे ती सहा युनिकोड अक्षरं आहेत, डोळ्याला एकच दिसतं, आणि टर्मिनल एक रुंदी धरतं, आत चालणारा प्रोग्रॅम दुसरी धरतो, मग कर्सर भलतीकडे जातो, वेलांटी सुटून पडते, ओळीचं शेवटचं अक्षर खाल्लं जातं. ज्या लॉगच्या जोरावर मी एवढं सगळं करते त्यात फाइलचं नाव मराठीत असलं की तेच नाव मला धड वाचता येत नाही. काही टर्मिनल आता जोडाक्षरं जुळवायला लागली आहेत, पण रुंदी कोणी मोजायची यावर एकमत व्हायचं आहे, आणि ते टर्मिनल लिहिणारे, लायब्ररीवाले आणि टेक्स्ट एडिटर लिहिणारे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागेल, एकट्याचं काम नाही. मी वापरते त्या टर्मिनलचा यावरचा बग उघडा आहे. त्यात मी मराठीतली नमुन्याची यादी दिली आहे, स्त्री, क्षत्रिय, दर्‍या, र्‍हास, प्रत्येकाचं हवं ते चित्र आणि दिसतं ते चित्र. मागच्या आठवड्यात कोणीतरी पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, जोडला आहे, चाचणीसाठी त्यातून प्रोग्रॅम तयार करून बघा म्हणाला. ‘क्षत्रिय’ नीट येतोय, ‘र्‍हास’ला अजून एक चौकोन जास्त धरला जातोय. स्क्रीनशॉट काढून ठेवलेत, उद्या सकाळी व्हर्जन आणि फॉन्टचं नाव घालून टाकते.